अतिवृष्टीचा इशारा वेळेत घरी पोहोचावा म्हणून : ठाणे आणि नवी मुंबईकरांसाठी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला हवामानाचा इशारा मिळतच नाही, अशी स्थिती आता राहिलेली नाही. जून उजाडला की वृत्तवाहिन्यांवर लाल पट्ट्या झळकू लागतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नकाशे फिरू लागतात आणि तोच ‘रेड अलर्ट’ दिवसभरात पाच जणांकडून येतो. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. रात्री अडीच वाजता पावसाचा जोर वाढलेला असतो, वीज गेल्यामुळे वायफाय बंद असते, फोन सायलेंटवर उशाशी पडलेला असतो आणि त्या वेळी निघालेला इशारा आपण सकाळी चहा घेताना वाचतो. म्हणून साधनांची निवड करताना ‘कोणते ॲप चांगले’ हा प्रश्न नंतरचा आहे. ‘हे साधन कोणत्या कारणाने बंद पडेल’ हे आधी विचारले पाहिजे.

दोन साधने एकाच कारणाने बंद पडत असतील, तर ती मोजताना एकच धरावीत. टीव्ही, घरच्या वायफायवर चालणारे ॲप आणि व्हॉट्सॲप ग्रुप ही तीन साधने वाटतात, पण मीटरच्या खोलीत पाणी शिरून इमारतीची वीज तोडली गेली की तिन्ही एकाच मिनिटात मुकी होऊ शकतात. माझ्या मते प्रत्येक घरात किमान तीन वेगवेगळ्या जातीची साधने असावीत : झोपेतून उठवू शकेल असे एक, वीज आणि इंटरनेट नसताना चालेल असे एक, आणि जिथे फोन करून ‘हे खरे आहे का, आमच्या भागासाठी आहे का’ असे विचारता येईल असे एक अधिकृत ठिकाण.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून

भारतीय हवामानशास्त्र विभाग, म्हणजे आपण ज्याला नुसते हवामान खाते म्हणतो ते, पुढच्या काही दिवसांचे इशारे जिल्हानिहाय देते. नवी मुंबईत नेमका इथेच घोटाळा होतो. वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, घणसोली, नेरूळ आणि सीबीडी बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे आणि उरण मात्र रायगड जिल्ह्यात येतात. बोलताना खारघरचा माणूस स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतो आणि त्यात गैर काही नाही, पण इशारा पाहताना त्याने रायगडचा रंग पाहिला पाहिजे, कारण ठाणे पिवळे आणि रायगड लाल असा दिवस कोकणातल्या पावसाळ्यात नवलाचा नाही. खारघर पनवेल महापालिकेच्या हद्दीत आहे आणि बेलापूर नवी मुंबई महापालिकेच्या. त्यामुळे एका स्थानकाच्या अंतरावर आपत्कालीन कक्षही बदलतो आणि त्याचा दूरध्वनी क्रमांकही.

ठाणेकरांची अडचण उलट्या बाजूची आहे. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यानंतरही ठाणे जिल्हा खाडीपासून शहापूर आणि मुरबाडच्या घाटमाथ्यापर्यंत पसरलेला आहे, आणि जिल्ह्याचा रंग एकच असला तरी पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. २६ जुलै २००५ चा दिवस इथल्या कोणालाही वेगळा सांगायला नको. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तर त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. त्यामुळे जिल्ह्याचा रंग म्हणजे दिवसभर सावध राहण्याची सूचना असे समजावे, आणि पुढच्या दोन-तीन तासांत काय होईल यासाठी तात्कालिक इशारे पाहावेत, ज्यांना ‘नाऊकास्ट’ म्हणतात. साधन निवडताना ते या दोन्ही प्रकारचे इशारे देते की नुसता दिवसाचा रंग दाखवते, हे तपासून घ्यावे.

इशारा वाचता आला तरच साधन कामाचे

हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. रंग नुसता पावसाचे प्रमाण सांगत नाही, आपण काय करायचे तेही सांगतो. लाल इशाऱ्याच्या दिवशी आपल्या गल्लीत ऊन पडले म्हणून तो खोटा ठरत नाही. रंगासोबत येणारे शब्द मात्र ठरलेल्या मापांचे असतात. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी साधारण पाव केंद्रांपर्यंत, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे पाऊणहून अधिक केंद्रांवर. ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ वाचून जो निर्धास्त होतो त्याने हे ध्यानात घ्यावे की ते तुरळक ठिकाण कुठले असेल ते कोणालाच आधी सांगता येत नाही; ते नौपाडाही असू शकते.

वेळेची मर्यादा हा लोकांकडून सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग आहे. हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. पहिल्या दिवसाचा इशारा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत लागू असतो, आणि चोवीस तासांचा पाऊसही सकाळी साडेआठलाच मोजला जातो. बारा वाजले, तारीख बदलली, इशारा संपला असे समजून पहाटे चारला गाडी बाहेर काढणाऱ्याची फसगत इथेच होते.

यावरून माध्यमाची एक साधी पारख करता येते. इशारा कोणत्या कार्यालयाने दिला, किती वाजता दिला, कोणत्या जिल्ह्यासाठी आणि कधीपर्यंत, या चार गोष्टी ज्यात दिसतात ते माध्यम ठेवावे. ज्यात त्या कापलेल्या असतात ते फक्त कुतूहलापुरते ठेवावे. ग्रुपवर फिरणाऱ्या नकाशाच्या चित्रात अनेकदा तारखेची ओळच छाटलेली असते आणि गेल्या जुलैचा लाल रंग या जुलैत फिरत राहतो. शाळांना सुट्टी जाहीर झाल्याच्या संदेशांचेही तेच. ती सुट्टी जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त जाहीर करतात, त्यामुळे खातरजमा त्यांच्या अधिकृत खात्यावर किंवा शाळेच्या सूचनेतून करावी.

फोन : तीन वेगळ्या वाटा

आपल्या हातातला फोन इशारे तीन वाटांनी घेऊ शकतो, आणि या वाटा एकमेकींपासून वेगळ्या असल्यामुळे तिन्ही उघड्या ठेवण्यात अर्थ आहे.

पहिली वाट सेल ब्रॉडकास्टची. २०२३ च्या पावसाळ्यात देशभरातल्या अनेकांचे फोन एकाएकी मोठ्याने वाजले, थरथरले आणि पडद्यावर चाचणीचा संदेश आला, ते हेच तंत्र. यात संदेश क्रमांकावर पाठवला जात नाही. ठरावीक भागातल्या मनोऱ्यांवरून तो एकदम प्रसारित होतो आणि त्या मनोऱ्यांना जोडलेल्या सर्व फोनवर उमटतो. इंटरनेट लागत नाही, ॲप लागत नाही, क्रमांक कोठे नोंदवावा लागत नाही, आणि जाळ्यावर कितीही गर्दी असली तरी लघुसंदेशासारखा तो रांगेत अडकत नाही. झोपेतून उठवणारे साधन म्हणून माझी पहिली पसंती याला आहे. तरीही फोन बंद असेल, विमान मोडवर असेल किंवा घरात मनोऱ्याचा सिग्नलच पोहोचत नसेल, तर हा संदेश येणार नाही. दाट इमारतींत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी, जे घरात केवळ वायफाय कॉलिंगवर बोलतात, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

ही सोय आपल्या फोनवर चालू आहे का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी अलर्ट’ असे लिहावे, कारण प्रत्येक कंपनीने हे पान वेगळ्या मेनूत ठेवलेले असते आणि एकेक मेनू उघडत बसण्यापेक्षा शोधणे सोपे पडते. ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ या पानावर सर्वांत वर एक मुख्य बटण असते आणि त्याखाली अतितीव्र धोका, तीव्र धोका, चाचणी संदेश अशी वेगवेगळी बटणे असतात. मुख्य बटण चालू असूनही खालचे ‘तीव्र’चे बटण बंद असू शकते, म्हणून प्रत्येक बटण पाहावे. कंपन चालू ठेवावे. ‘डू नॉट डिस्टर्ब’ असतानाही आवाज करण्याचा पर्याय दिसला तर तोही चालू करावा. आयफोनमध्ये ही बटणे, ज्या आवृत्तीत आहेत तिथे, नोटिफिकेशन्सच्या पानाच्या अगदी तळाशी असतात. चाचणीच्या आवाजाने दचकून अनेकांनी ही सोय तेव्हाच बंद करून टाकली असेल. आपल्याच घरात कोणी तसे केले आहे का, ते विचारून घ्यावे.

दुसरी वाट साध्या एसएमएसची. मुसळधार पावसाच्या किंवा विजांच्या इशाऱ्याच्या दिवशी शासनाकडून मराठीत एसएमएस येतात, पण ते जाहिरातींच्या ढिगात दबतात. फोनचे गाळणीयंत्र ते ‘स्पॅम’ किंवा ‘प्रमोशन’मध्ये टाकत असेल तर एकदा बाहेर काढावेत आणि त्या पाठवणाऱ्याला वेगळा आवाज लावावा.

तिसरी वाट ॲपची. हवामान खात्याचे ‘मौसम’, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजांसाठी तयार केलेले ‘दामिनी’, ही तीन ॲप पुरेशी आहेत. फोनमध्ये आधीपासून असलेल्या हवामानाच्या ॲपवर मी इशाऱ्यासाठी विसंबणार नाही. त्यांतली अनेक ॲप जागतिक प्रारूपांवरून तासागणिक पावसाची शक्यता दाखवतात आणि तो अंदाज असतो, कोणा अधिकाऱ्याने जबाबदारीने दिलेला इशारा नसतो. ‘मौसम’मध्ये जिल्ह्याचे रंग, तात्कालिक इशारे आणि रडारची चित्रे पाहता येतात. मुंबईत कुलाब्याला आणि अंधेरीजवळ वेरावलीला हवामान खात्याची डॉप्लर रडार आहेत, आणि त्यांच्या चित्रात समुद्राकडून किंवा घाटाकडून ठाण्याच्या दिशेने सरकणारा दाट पट्टा सवय झाली की ओळखू येतो. ‘सचेत’ला ठिकाणाची परवानगी दिली की त्या भागासाठीचे इशारे येतात आणि ते मराठीतही वाचता येतात. ‘दामिनी’ आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात पडणाऱ्या विजा दाखवते.

ॲप टाकून मात्र काम संपत नाही. बरेच फोन बॅटरी वाचवण्यासाठी काही दिवस न उघडलेले ॲप झोपवून टाकतात, आणि मग मे महिन्यात टाकलेले ॲप जुलैत एक शब्द बोलत नाही. प्रत्येक ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन बॅटरीच्या ठिकाणी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावे, ठिकाणाची परवानगी ‘नेहमी’ अशी द्यावी आणि नोटिफिकेशनचा आवाज चालू असल्याची खात्री करावी.

किती वेळ आधी कळणार, त्यावर साधन ठरते

चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागते. हवामान खाते त्याचे इशारे टप्प्याटप्प्याने, साधारण ७२, ४८, २४ आणि १२ तास आधी देत जाते. ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलेल्या ‘निसर्ग’साठी लोकांना तयारीला वेळ मिळाला होता, अशा संकटासाठी वृत्तपत्र, टीव्ही, आकाशवाणी काहीही चालते. १३ मे २०२४ च्या दुपारी आलेले धुळीचे वादळ वेगळ्या जातीचे होते. घाटकोपरला जाहिरातफलक कोसळून त्यात १७ जणांचे प्राण गेले. पावसाळ्यापूर्वीचे असे वादळ काही तासांत उभे राहते आणि त्याचा नेमका इशारा तात्कालिक स्वरूपातच मिळू शकतो, म्हणजे फोनवरच. विजांच्या बाबतीत तर हातात मिनिटेच असतात, आणि तिथे ‘दामिनी’ व आपले कान यांपलीकडे काही नाही : ढगांचा गडगडाट ऐकू आला की गच्चीवरून खाली यावे, ॲप काय म्हणते त्याची वाट पाहू नये.

वीज गेल्यावर

वीज गेली की मोबाइलचे मनोरे बॅटरीवर काही तास तग धरतात, पण फार काळ नाही. तेव्हा कामाला येतो तो सेलवर चालणारा साधा रेडिओ. काही देशांत हवामानाच्या इशाऱ्यांसाठी स्वतंत्र वाहिनी आणि आपोआप वाजू लागणारा रेडिओ घरोघरी मिळतो. आपल्याकडे घरगुती वापरासाठी तशी व्यवस्था नाही, त्यामुळे तसा परदेशी रेडिओ मागवून पैसे घालवू नयेत. आकाशवाणी पुरेशी आहे. मुंबईचे एफएम रेनबो १०७.१ वर आणि एफएम गोल्ड १००.७ मेगाहर्ट्झवर ठाण्यात आणि नवी मुंबईत ऐकता येते. रेडिओ घेताना तो पेन्सिल सेलवर चालतो का आणि त्याला बाहेरचा अँटेना आहे का, एवढे पाहावे. फक्त यूएसबीवर चार्ज होणारा स्पीकर चार दिवस वापरला नाही की ऐनवेळी रिकामा निघतो. फोनमधला एफएम हा पर्याय म्हणून चांगला, पण नव्या फोनमध्ये तो बहुधा नसतो आणि असला तरी त्याला तारेचा हेडफोन अँटेना म्हणून लागतो. पॉवर बँक भरलेली ठेवावी हे सर्वांना ठाऊक आहे. वायफाय राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएसही उपयोगाचा आहे, कारण इंटरनेटवाल्याची बाजू चालू असेल तर घरातले जाळे तास-दोन तास टिकते.

भरती, धरण आणि डोंगर

हवामानाच्या ॲपमध्ये न सापडणारे तीन धोके या पट्ट्यात आहेत, आणि त्यांसाठी वेगळी साधने लागतात.

सिडकोने वसवलेले वाशी, नेरूळ, बेलापूरसारखे नोड खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभे राहिले. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून तिथे धारण तलाव आणि झडपा आहेत : भरती चढली की झडपा मिटतात, शहरातले पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत उतरते. म्हणजे भरतीच्या त्या काही तासांत जोराचा पाऊस झाला तर पाण्याला बाहेर जायला वाट नसते. भरतीच्या वेळा चंद्रावर अवलंबून असल्यामुळे कितीतरी आधी ठाऊक असतात. साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस पावसाळ्यापूर्वी मुंबई महापालिका जाहीर करते आणि वृत्तपत्रे ते छापतात. ते कात्रण किंवा छापील तक्ता फ्रिजवर लावावा. त्याला ना वीज लागते ना नेटवर्क, आणि नारिंगी इशारा आला की त्याकडे एक नजर टाकून आपली दुपार अवघड आहे की रात्र, हे कळते. ठाण्यात खाडीलगतच्या कळवा, मुंब्रा आणि दिवा परिसरातही हाच हिशेब लागू पडतो.

उल्हास नदीच्या खोऱ्यात, म्हणजे बदलापूर, कल्याण, टिटवाळ्याच्या बाजूला नातेवाईक असतील, तर त्यांच्यासाठी धरणाच्या विसर्गाची सूचना महत्त्वाची. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान हजारावर प्रवाशांसह पुराच्या पाण्यात अडकली होती, त्यावरून ही नदी किती वेगाने पसरते ते दिसते. बारवी आणि भातसा धरणांतून पाणी सोडताना काठावरच्या गावांना प्रशासनाकडून सूचना दिली जाते. ती तहसील, तलाठी, पोलीस पाटील अशा वाटेने उतरते. म्हणून तिथे ॲपपेक्षा तलाठ्याचा आणि पोलीस पाटलाचा क्रमांक फोनमध्ये असणे अधिक उपयोगी.

डोंगरउताराला राहणाऱ्यांची स्थिती सर्वांत कठीण आहे. पारसिकच्या डोंगराला लागून, मुंब्र्याच्या आणि येऊरच्या पायथ्याशी हजारो घरे आहेत. १९ जुलै २०२३ ला रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती रात्री, लोक झोपेत असताना. अमुक उतार अमुक वेळी कोसळेल असा इशारा कोणतेही साधन देत नाही. त्यामुळे अशा घरांनी पावसाच्या नारिंगी इशाऱ्यालाच दरडीचा इशारा समजावे आणि रात्री सेल ब्रॉडकास्ट वाजला तर खात्री करत न बसता घराबाहेर पडावे.

माणसांची साखळी

विचारण्याचे ठिकाण म्हणून जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक कागदावर लिहून दाराजवळ लावावेत. आपल्या महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा क्रमांक तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा, ग्रुपवर आलेल्या यादीतून नाही. कोरड्या दिवशी १०७७ एकदा लावून तो आपल्याच जिल्ह्याच्या कक्षाला लागतो का, हे थोडक्यात विचारून घ्यावे आणि कक्षाचा थेट क्रमांकही मागून ठेवावा.

सोसायटीसाठी माझा आग्रह एका गोष्टीचा आहे : इशाऱ्यांचा ग्रुप वेगळा असावा आणि त्यात फक्त दोघा-तिघांनाच लिहिता यावे. त्यांच्यापैकी एकाचा फोन रात्री कधीही सायलेंटवर नसावा, आणि लाल इशारा आला की त्याने पहारेकऱ्याला इंटरकॉमवरून तळमजल्याची घरे उठवायला सांगावे, ही पद्धत आधीच ठरलेली असावी. इंटरकॉम जनरेटरवर किंवा बॅटरीवर चालतो का, हे सचिवांनी पाहून घ्यावे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी ॲप शिकवत बसण्यापेक्षा सेल ब्रॉडकास्ट चालू करून द्यावे, रेडिओवर एक केंद्र लावून त्या जागी खूण करावी आणि शेजारच्या एका घराने दार वाजवण्याची जबाबदारी घ्यावी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा फोन कंपन चालू ठेवून उशीखाली असावा, आणि इशारा आल्यावर फ्लॅश चमकण्याची सोय फोनमध्ये असेल तर ती चालू करावी.

तपासणी कधी करावी

‘तौक्ते’ चक्रीवादळ १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेले, धुळीचे वादळ १३ मे २०२४ ला आले आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊसच २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. त्यामुळे सात जूनचा मुहूर्त आता उशिराचा आहे. महाराष्ट्र दिनाची सुट्टी या कामाला योग्य. त्या दिवशी घरातल्या प्रत्येक फोनची बटणे पाहावीत, ॲप उघडून जिल्हा तपासावा, रेडिओत नवे सेल घालून पाच मिनिटे ऐकावा, आणि मेन स्विच बंद करून घरात कोणते साधन जिवंत राहते ते प्रत्यक्ष पाहावे. मधल्या काळात कोणी नवा फोन घेतला किंवा घर बदलले, तर त्या फोनची बटणे आणि त्या घराचा जिल्हा पुन्हा पाहावा. गणपती उठल्यावर हे सारे आवरून ठेवण्याची घाई करू नये, कारण परतीच्या पावसात विजांचे प्रमाण वाढते. ‘दामिनी’ ऑक्टोबर संपेपर्यंत चालू ठेवावी आणि त्यानंतरच रेडिओतले सेल, ते पाझरून संपर्काच्या पट्ट्या गंजू नयेत म्हणून, बाहेर काढून त्याच्या शेजारी ठेवावेत.